मेझकाल घालून हॉट चॉकलेट करायचंय, दूध फाटेल का?

पाचवी_गल्ली_शाहूपुरी

नमस्कार मंडळी. आमचे दाजी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत आहेत. कास्टिंगच्या कामानं मेक्सिकोत केरेतारोला जाऊन आले आणि येताना एक बाटली घेऊन आले. मला वाटलं टकिला असणार, पण लेबलवर मेझकाल लिहिलंय. बाकीचे शब्द असे: आर्तेसानाल, होवेन, एस्पादिन, वाहाका, १०० टक्के अगावे, ४५ टक्के अल्कोहोल. बूच काढून वास घेतला तर सरळ धुराचा वास. दाजी म्हणतात तिकडं एका हॉटेलात त्यांना हीच हॉट चॉकलेटमधनं दिली होती. आल्यापासून रोज एकदा तरी त्या कपाचा विषय निघतोच.

बेत असा आहे. श्रावण लागायच्या आत एका शनिवारी पन्हाळ्याला मित्राच्या घरी मुक्काम. घेणारे आम्ही चौघं. सोबत आई येणार, ती माळकरी आहे. आणि दाजींची मुलगी, चौथीत शिकते. म्हणजे चार कप दारूचे आणि दोन कप बिनदारूचे.

दूध गंगावेशीच्या कट्ट्यावरनं म्हशीचं आणणार, समोर पिळून देतात ते. वहिनी म्हणते गरम दुधात दारू ओतली की दूध फाटणार. ते खरं आहे का? साखरेऐवजी आपला गूळ चालेल का? चॉकलेट कुठलं घ्यायचं? सहा कपांना बाटलीतलं किती घालायचं? आणि मित्राचं म्हणणं असं की सगळं एकाच पातेल्यात करून चांगलं उकळलं की अल्कोहोल उडून जातं, मग आईलाही चालेल आणि पोरीलाही. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

संकलन_केंद्र_कागल

दुधाचं तेवढं मी सांगतो, बाकीचं माझं काम नव्हे.

दूध संकलनावर आम्ही अल्कोहोल टेस्ट घेतो. परीक्षानळीत जेवढं दूध तेवढंच ६८ टक्क्यांचं अल्कोहोल, आणि हलवायचं. कणी धरली तर दूध आंबायला लागलंय, किंवा चिकाचं आहे, किंवा जनावराला दगडी, म्हणजे कासेची सूज, झालीय. चांगलं ताजं दूध ह्या टेस्टला फाटत नाही. तुमची दारू ४५ टक्क्यांची आहे आणि ती कपात ३० मिली पडणार. १८० मिली दुधात ३० मिली म्हणजे सगळा कप साडेसहा टक्क्यांच्या आत. दूध ताजं असेल तर काही होत नाही.

पण एक ध्यानात ठेवा. दूध सकाळी घेणार, गाडीत ठेवून पन्हाळ्याला नेणार आणि संध्याकाळी वापरणार. असं करत असाल तर आणल्या आणल्या उकळा, गार करा आणि बर्फाच्या डब्यातनं न्या. कच्चं दूध दिवसभर गाडीत राहिलं तर दारू न घालताही नुसतं तापवल्यावर फुटेल. वहिनींनी कुठंतरी फाटलेलं बघितलं असेल तर ते बहुतेक अशाच दुधाचं.

आणि गूळ उकळत्या दुधात टाकू नका. गूळ थोडा आम्लधर्मी असतो, त्यात क्षारही असतात. दुधाचं फाटणं दारूपेक्षा गुळानं जास्त होतं.

रंकाळा_चौपाटी

एवढा विचार कशाला करताय भावा. दूध उकळायचं, ड्रिंकिंग चॉकलेटची पावडर चार चमचे, साखर, आणि शेवटी रम. आम्ही थंडीत असंच करतो. मेझकाल काय आणि टकिला काय, घातल्यावर सगळं सारखंच लागतंय.

ताराबाई_पार्क_चॉकलेटवाली

पाचवी गल्ली दादा, थोडं सविस्तर लिहिते, कारण ही बाटली पावडरच्या दुधात घातली जाणार असेल तर मला खरंच वाईट वाटेल.

मी घरीच चॉकलेट बनवते आणि विकते. त्याआधी दुबईत एका हॉटेलच्या किचनमध्ये पेस्ट्री विभागात होते. माझ्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण मेक्सिकोतल्या वाहाका राज्याची होती. तिनं मला चॉकलेट करायला शिकवलं, आणि त्यातली पहिली गोष्ट ही की त्यांच्याकडं प्यायचं चॉकलेट मुळात पाण्यात करतात. दुधातलंही करतात, पण ती नंतर आलेली पद्धत. तिच्या घरी कोको भाजून, सोलून गिरणीत नेत. सोबत दालचिनी, बदाम आणि साखर. आपण मसाला कांडपाला नेतो तसं प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि गिरणीवाल्यासमोर उभं राहून ते सांगायचं. मिळालेल्या लगद्याच्या वड्या थापून ठेवायच्या. हवं तेव्हा उकळत्या पाण्यात एक वडी, आणि मोलिनियो नावाच्या लाकडी रवीनं फेस येईपर्यंत घुसळायचं. सकाळी ह्यात अंड्याच्या बलकाचा गोडसर पाव बुडवून खातात. बारशाला हेच, लग्नाला हेच, मयताच्या घरी येणाऱ्यांनाही हेच देतात.

आता तुमच्या प्रश्नांकडं येते. सगळ्यात महत्त्वाचं: दारू पातेल्यात घालायचीच नाही. कपात घालायची.

ह्या एका गोष्टीनं तुमचे बहुतेक प्रश्न सुटतात. आईंच्या आणि मुलीच्या कपाला दारूचा स्पर्शही होत नाही. त्यांचे दोन कप आधी भरून बाजूला काढा. पळी, रवी, पातेलं, सगळं निर्मळ राहतं. माळकरी माणसाला नुसतं "उडून गेली" म्हणून सांगणं मला बरोबर वाटत नाही. त्यांना निर्धास्तपणे पिता आलं पाहिजे.

आणि उडत तर नाहीच. तुम्हाला पटत नव्हतं ते अगदी योग्य होतं. शुद्ध अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं हे खरं, पण पाण्यात मिसळलेलं असं झटक्यात निघून जात नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यानं शिजवताना किती अल्कोहोल उरतं ह्याचा तक्ता केलेला आहे. गॅसवरून उतरवलेल्या गरम पदार्थात घातलं तर सुमारे ८५ टक्के उरतं. पंधरा मिनिटं मंद शिजवलं तरी ४० टक्के उरतं. तासभर शिजवूनसुद्धा २५ टक्के. म्हणजे मित्राच्या युक्तीनं चौथीतल्या मुलीच्या कपात दारू राहणार आणि तुमच्या कपातला वास मात्र निघून जाणार, कारण मेझकालची जी मजा आहे ती उडणाऱ्या वासातच आहे. मुलांच्या बाबतीत ह्यात थोडंसंही चालवून घेऊ नका.

रंकाळा भाऊ, तुमची रमची पद्धत थंडीत छान लागत असेल, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण मेझकाल आणि टकिला सारखे नाहीत. अगावे म्हणजे आपल्या घायपातीच्या कुळातली वनस्पती. टकिला एकाच जातीच्या निळ्या अगावेची, मुख्यतः हालिस्को राज्यात होते आणि तिचे कंद बहुतेक ठिकाणी भट्टीत वाफेवर शिजवतात. मेझकाल अनेक जातींच्या अगावेची होते. दादांच्या बाटलीवर एस्पादिन लिहिलंय, ती सगळ्यात जास्त लावली जाणारी जात. ती तयार व्हायलाच सात-आठ वर्षं जातात. पानं छाटून मधला गड्डा काढतात. जमिनीत खड्डा, खड्ड्यात लाकडाचा जाळ, जाळावर तापलेले दगड, दगडांवर गड्डे, आणि वरून चोथा व माती टाकून सगळं झाकून देतात. असं कित्येक दिवस आत भाजत ठेवतात. धुराचा वास येतो तो इथून. आतली न गोड लागणारी शर्करा ह्या उष्णतेनं फुटून गोड होते. मग मोठ्या दगडी चाकाखाली, घोडा किंवा खेचर जुंपून, ते ठेचतात. लाकडी पिंपात हवेतल्या यीस्टनं आंबवतात आणि दोनदा ऊर्ध्वपातन करतात. लेबलवरचं आर्तेसानाल म्हणजे ही सगळी हाताची, जुन्या साधनांची पद्धत. होवेन म्हणजे लाकडी पिंपात मुरवलेली नाही, चव सरळ अगावेची आणि धुराची. चॉकलेटला हीच चांगली. दाजींनी बाटली पारखून आणलीय.

एवढे दिवस मातीखाली भाजून जी चव आली, तिच्यावर सहा-सात टक्के फॅटचं म्हशीचं दूध आणि भरपूर साखर ओतली तर काय होणार? साय सगळ्यावर पांघरूण घालते. धूर दबतो, कोकोचा कडसरपणा दबतो आणि राहतो फक्त गोडवा. म्हणून माझं सांगणं: पन्हाळ्याला पाण्यातलं करा. गंगावेशीचं दूध मला स्वतःला फार आवडतं, पण ते सकाळी नुसतं प्या. दूध पाहिजेच असेल तर शेवटी कपात दोन चमचे गरम दूध, त्याहून जास्त नको.

सहा कपांचं माझं प्रमाण असं:

पाणी एक लिटर. डार्क चॉकलेट २०० ग्रॅम, ७० ते ७५ टक्के कोकोचं. अमूलचं ७५ टक्क्यांचं कुठंही मिळतं, ते चालेल. बेकरी सामानाच्या दुकानात मोठी लादी स्वस्त मिळते ती घेऊ नका. ती बहुतेक कंपाऊंडची असते, म्हणजे कोको बटरच्या जागी दुसरं वनस्पती तेल. पाण्यात त्याचा तवंग सुटतो आणि टाळ्याला चिकटतो. वेष्टनावर घटक वाचा: कोको मास आणि कोको बटर दिसलं पाहिजे.

बदाम वीस. रात्री भिजवून, सोलून, अगदी गंधासारखे वाटलेले. पाण्यातल्या चॉकलेटला दाटपणा ह्यांच्यामुळं येतो, दुधाची उणीव भासत नाही.

गूळ ६० ग्रॅम. हो, गूळ चालेल, नुसता चालेल असं नाही, साखरेपेक्षा चांगला लागेल. मेक्सिकोत उसाचा रस आटवून पिलोनसियो नावाच्या शंकूसारख्या ढेपा करतात, तो त्यांचा गूळच. वाहाकातल्या वडीत साखर असते, पण चाम्पुर्रादो म्हणून मक्याचं पीठ घातलेलं दाट चॉकलेट करतात त्यात हा पिलोनसियो घालतात. आपल्याकडं मार्केट यार्डात जो पिवळाधमक गूळ दिसतो तो टाळा. रंग उजळवायला हायड्रोस नावाची रासायनिक पावडर वापरलेली असली तर गरम पाण्यात गंधकाची एक तिखट छटा येते आणि ती धुराच्या वासाशी भांडते. तांबूस, काळपट, खडबडीत गूळ घ्या. गुऱ्हाळावरून ओळखीनं मिळाला तर उत्तमच. पाण्यात करणार असल्यामुळं दूध फाटायचा प्रश्नच येत नाही. कागलच्या दादांनी सांगितलंय ते शंभर टक्के खरं आहे.

दालचिनी बोटभर. इथं थोडं थांबते. मेक्सिकोत वापरतात ती सिलोन दालचिनी, पातळ, कागदाच्या सुरळीसारखी, बोटांनी चुरा होणारी. आपल्याकडं किराणा दुकानात मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया, मटणाच्या रश्शाला ठीक, पण चॉकलेटमध्ये तिखट आणि उग्र. लक्ष्मीपुरीत मसाल्याच्या दुकानात पातळ सालीची मागा. किंवा गगनबावड्याच्या घाटानं खाली कोकणात कुणाचं जाणं-येणं असेल तर तिकडच्या बागेतली मागवा, तीही खरी दालचिनी. जाडच मिळाली तर अर्धीच घाला.

मीठ दोन चिमटी. विसरू नका.

एक ब्याडगी मिरची, देठ आणि बिया काढून. ही ऐच्छिक. संकेश्वरी नको, तिचा तिखटपणा घशात बसतो. आपल्याला तिखट करायचंच नाहीये, फक्त भाजल्या मिरचीचा खरपूस वास हवाय. मुलीसाठी करताय म्हणून आधी मिरचीशिवाय करा, तिचा कप काढा आणि मग उरलेल्यात मिरची टाकून पाच मिनिटं मुरवा.

कृती. पाण्यात दालचिनी आणि गूळ घालून दहा मिनिटं मंद उकळा, गाळून घ्या. गुळात कचरा असतोच. बदामाचं वाटण घालून आणखी पाच मिनिटं, सारखं ढवळत. गॅस अगदी बारीक करा, चॉकलेट बारीक चिरून थोडं थोडं घाला, मीठ घाला. विरघळलं की खाली उतरवा आणि लाकडी रवी दोन तळव्यांत धरून घुसळा. रवी लहान घ्या, महाद्वार रोडला मिळते. फेस दाट, बोटभर उंच आला पाहिजे. हे काम चौथीतल्या मुलीला द्या, तिला आवडेल. पातेलं खोल घ्या म्हणजे तिच्या हातावर उडणार नाही, आणि कुणीतरी पातेलं धरून बसा.

आईंचा आणि मुलीचा कप आधी भरा. मग उरलेलं चार-पाच मिनिटं तसंच ठेवा. जीभ न भाजता घोट घेता आला पाहिजे, तोवर मेझकाल काढू नका. फार गरम चॉकलेटमध्ये ओतली तर अल्कोहोलची वाफ थेट नाकात जाते आणि बाकी काहीच कळत नाही. चार कपांत प्रत्येकी २० मिली मेझकाल आधी घाला आणि वरून थोड्या उंचावरून चॉकलेट ओता, आपोआप मिसळतं. पुन्हा ढवळायची गरज नाही, फेस मोडतो. चव बघून कुणाला हवं असेल तर आणखी १० मिली. ३० च्या वर गेलात की चॉकलेट राहत नाही. तुमची ४५ टक्क्यांची आहे हे लक्षात असू द्या.

पाचवी_गल्ली_शाहूपुरी

ताई, लई उपकार झाले. बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली आता पाण्यातलंच करायचं. आईला सांगितलं की तुझा कप आधी आणि तुझ्या पातेल्यात काही नाही, तर ती म्हणाली मग मी येते, नाहीतर घरीच थांबणार होते. हे मला आधी माहीतच नव्हतं.

दोन शंका. दाजी म्हणतात तिकडच्या काही बाटल्यांत अळी असते. आमच्या बाटलीत दिसत नाही, म्हणजे ही कमी प्रतीची का? आणि वाहाकात खरंच लोक घरोघरी असं मिसळून पितात का?

बांधावरची_घायपात

माझाही एक प्रश्न जोडतो. आमच्या राधानगरीकडच्या रानात बांधाला घायपात भरपूर आहे. ती अगावेच की. आज्जा तिच्या पानांचे दोर वळायचा. तिच्या गड्ड्यापासून असलं काही करता येईल का?

ताराबाई_पार्क_चॉकलेटवाली

आधी दादांचं.

अळी नाही हे चांगलंच आहे. ती अगावेवर वाढणारी अळी, आणि बाटलीत घालायची टूम विसाव्या शतकात विक्रीसाठी निघाली. प्रतीशी तिचा संबंध नाही. तुमच्यात कुणी शाकाहारी असेल तर उलट अळी नसलेलीच हवी. एक सावधगिरी मात्र सांगते: मेझकालसोबत संत्र्याच्या फोडी आणि लाल मीठ देण्याची तिकडं पद्धत आहे. त्या मिठात बऱ्याचदा भाजून वाटलेली अळी असते. दाजींनी त्याची पुडी आणली असेल तर ती आईंच्या ताटाजवळ नको.

मिसळून पितात का? माझ्या मैत्रिणीच्या घरी नाही. मिसळणं ही मुख्यतः बार आणि हॉटेलांची रीत, दाजींना मिळालं ते तसंच. घरी दोन्ही असतात, पण शेजारी शेजारी. मृतांच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, त्यांच्याकडं गेलेल्या माणसांसाठी घरात वेदी मांडतात. तिच्यावर पाव, चॉकलेट, झेंडूची फुलं आणि मेझकालही असतं. झेंडूवरून आठवलं, तो आपण दसऱ्याला एवढा वापरतो, पण मूळचा मेक्सिकोचाच. मिरची, मका, व्हॅनिला, अगावे, सगळं तिकडचं.

म्हणून तुम्हाला खरं सांगू का, मला स्वतःला शेजारी ठेवलेलं जास्त आवडतं. चौघांसाठी चार छोटे ग्लास, प्रत्येकात २० मिली. आधी चॉकलेटचा घोट, तो तोंडात असतानाच मेझकालचा अगदी लहान घोट. धूर आणि कोको जिभेवर एकत्र येतात ते मिसळलेल्या कपापेक्षा स्वच्छ कळतं. पहिला कप असा घ्या आणि दुसरा मिसळून करा, दाजींची आठवणही राहील. मेझकाल गटकन मारायची वस्तू नाही, लिंबू-मीठ लावूनही नाही. तोंडात फिरवून हळू प्यायची.

आता घायपातवाले दादा. हो, घायपात अगावेच्या कुळातलीच आणि मूळची अमेरिका खंडातली. दोरासाठी लावतात त्या जाती वेगळ्या, मेझकालच्या वेगळ्या, पण दख्खनच्या पठारावरच्या अगावेपासून मद्य भारतात झालेलं आहे. डेसमंडजी नावाची बाटली गोव्यात मिळते ती त्यातलीच. तिला टकिला म्हणता येत नाही, कारण टकिला हे नाव १९७४ पासून आणि मेझकाल हे नाव १९९४ पासून मेक्सिकोतल्या ठरावीक प्रदेशांसाठी राखून ठेवलेलं आहे, आपल्या कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे तसं.

घरी करायचं म्हणाल तर हात जोडून सांगते, करू नका. परवान्याशिवाय दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे, हे एक. दुसरं, गाळताना येणारी पहिली आणि शेवटची धार कुठं तोडून वेगळी काढायची हे वर्षानुवर्षं शिकलेल्या माणसालाच कळतं. चुकलं तर जिवावर बेततं. तिसरं, घायपातीच्या कच्च्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. कातडीला लागला की आग होते, फोड येतात. तुमच्या आज्ज्यांना पानं कुजवून वाख काढताना हे माहीत असणार. बांधावरची आहे तशी राहू द्या, माती धरून ठेवते.

आजऱ्याचा_घनसाळ

पुल्के म्हणून एक असतं ना मेक्सिकोचं? पांढरं, ताडीसारखं. ते चॉकलेटमध्ये जुनं म्हणून वाचलंय. त्याच्या जागी नीरा किंवा ताडी घातली तर?

ताराबाई_पार्क_चॉकलेटवाली

पुल्के अगावेचा ताजा गोड रस आंबवून करतात, गाळत नाहीत. पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, चिकटसर, आंबट. स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं. ते काढल्यावर आंबतच राहतं, म्हणून लांब जात नाही. आंबट असल्यामुळं दुधात घातलं तर दूध नक्की फाटेल. ताडीचं तसंच. नीरा गार प्यावी, तिला तापवून चॉकलेट घालण्यात मला काही हशील वाटत नाही.

तुम्हाला दुधातलंच आणि दारूचंच काही हवं असेल तर रोम्पोपे बघा. प्वेब्ला शहरात सांता क्लारा मठातल्या जोगिणींच्या नावानं प्रसिद्ध आहे. दूध, साखर, अंड्याचा बलक, व्हॅनिला, दालचिनी, बदाम, आणि गार झाल्यावर रम. तिथंही दारू शेवटी, गार झाल्यावरच, आच असताना नाही. हे गरम चॉकलेटमध्ये दोन चमचे घातलं तर कस्टर्डसारखं मऊ लागतं. ह्याला आजरा-चंदगडचे काजू बदामाऐवजी चांगले लागतील. रंकाळा भाऊ, तुमच्या रमला हा खरा जोडीदार, करून बघा.

रंकाळा_चौपाटी

करतो ताई. पाण्यातलं पण करून बघतो, आधी बिनदारूचं.

पाचवी_गल्ली_शाहूपुरी

ताई, शेवटची शंका. शनिवारी पन्हाळ्यावर घुसळण्यापलीकडं काम नको म्हणून शुक्रवारी रात्रीच इथं चॉकलेट करून थर्मासमधनं नेलं तर? आणि उरलेल्या बाटलीचं काय करू? श्रावणात तर कुणी हात लावणार नाही, पुढं गणपती.

ताराबाई_पार्क_चॉकलेटवाली

थर्मासमधून नको. बदामाचं वाटण तासन्‌तास कोमट राहिलं तर आंबतं. त्यापेक्षा शुक्रवारी वडी करून ठेवा. चॉकलेट अगदी मंद आचेवर, खाली गरम पाणी ठेवून वितळवा. त्यात किसलेला गूळ, दालचिनीची पूड, मीठ आणि कोरड्या बदामांचं बारीक कूट मिसळा. ह्यात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नका, नाहीतर चॉकलेट गोळा होऊन बसतं. तूप लावलेल्या ताटात थापा, गार झालं की सहा वड्या पाडा. पन्हाळ्यावर पाणी उकळायचं, वड्या टाकायच्या, गाळायचं, घुसळायचं. गूळ आणि बदाम कोरडे असले तर ह्या वड्या हवाबंद डब्यात महिनाभर सहज टिकतात. पावसाळी हवेत फ्रिजमध्येच ठेवा. आईंसाठी दोन वड्या जास्तीच्या करा, श्रावणातल्या सोमवारी उपास सोडताना त्यांना चालतील.

बाटली उभी ठेवा, आडवी नको. बूच कडक दारूत भिजत राहिलं की खराब होतं. उन्हापासून लांब, कपाटात. अर्ध्याच्या वर भरलेली असेल तर दिवाळीपर्यंत काही होत नाही. अगदी तळाशी आली असेल तर लहान बाटलीत काढून ठेवा, नाहीतर हवेनं वास उतरतो.

आणि रात्री मुक्काम आहे म्हणालात तो मुक्कामच ठेवा. कुणाला अचानक घरी जायचं ठरलं तरी ज्यानं घेतलीय त्यानं गाडी घेऊन वाघबीळचा घाट उतरायचा नाही. पावसात त्या वळणांवर धुक्यानं दहा फुटांवरचं दिसत नाही. दाजींच्या दारू पिण्याच्या परवान्याचंही बघून घ्या, एक दिवसाचाही मिळतो.

पाचवी_गल्ली_शाहूपुरी

व्हय ताई, गाडीच्या किल्ल्या आईकडं देणार. दालचिनी आणायला उद्या लक्ष्मीपुरीत जातो. रवी घरात आहे, पण ताकाची मोठी आहे, सहा कपांना चालेल का लहानच घेऊ?

ताराबाई_पार्क_चॉकलेटवाली

लहानच घ्या. आणि ताकाची तर नकोच, लाकडात आंबट वास मुरलेला असतो. नवी घ्या, गरम पाण्यात एकदा उकळून वाळवा, आणि पुढं फक्त चॉकलेटलाच वापरा.